काम नाई अडत

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी आटोपल्यावर, मेडिकल कॉलेजात शिकणारी काही मुलं आमच्या गावात पाहणीला आली होती. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पावणेदोनशे उंबऱ्यांचं. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी माहेरीच होते. त्यांच्यातली एक मुलगी आमच्या ओट्यावर येऊन बसली. हातात छापील कागदांचा गठ्ठा. तिची बोली पुण्याकडची. तिचं अर्धं मायला कळेना आणि मायचं अर्धं तिला, म्हणून मी मधे बसले.

तिचा पहिलाच प्रश्न होता, ‘तुम्हाला तुमच्या जीवनाची गुणवत्ता कशी वाटते?’

माय लसूण सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “गुनवत्ता मंजे? शाळेत रायते थे?”

“जगणं कसं चालू हाय तुह्यं, असं इचारते माय थे.”

“मंग बरं हाय मना. चालूच हाय ना बाप्पा.”

मुलीनं पाच पर्याय वाचून दाखवले, खूप वाईटपासून खूप चांगलीपर्यंत. मायनं ‘चांगली’ निवडलं. मग झोपेचे प्रश्न झाले, पैशाचे झाले, घरच्या माणसांचे झाले. एक प्रश्न असा होता, की दुखण्यामुळे तुमची रोजची कामं किती अडतात? माय जरा थांबली. मग म्हणाली, “नाई, काम नाई अडत.” मुलीनं ‘अजिबात नाही’वर खूण केली. नवराबायकोच्या संबंधांबद्दलही एक प्रश्न होता. तो वाचताना मुलगी अडखळली, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, आणि तिनं पान उलटलं. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मायनंतर मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना लकवा मारून तेव्हा सहा वर्षं झाली होती. डावा हात गेलेला, डावा पाय ओढत चालतात. जीभ परत आली, पण ‘र’ अजून लागत नाही. दिवसभर ओट्यावरच्या बाजेवर असतात. त्यांना तोच प्रश्न विचारला तर म्हणाले, “लय चांगलं.” मुलीनं पुन्हा विचारलं, नीट ऐकू आलं नसेल म्हणून. “लय चांगलं वो बाई. लिव.”

ती मुलगी गेल्यावर मी मनात म्हटलं, आमची माणसं कशातही समाधान मानतात. किती उथळ विचार होता तो, हे कळायला मला पुढचं वर्ष लागलं.

पुढच्या वर्षी वेचणीच्या दिवसांत मजूर मिळेनात, म्हणून मी दोन रविवार वावरात गेले. वेचणी हे बाईचं काम. कमरेला ओटी बांधायची, वाकून बोंडातला कापूस दोन्ही हातांनी काढायचा, तास, म्हणजे पिकाची ओळ, संपेपर्यंत पाठ सरळ करायची नाही. ओटी भरत जाते तशी पोटाखाली ओढत जाते. दुपारी माय दिसेना म्हणून मी धुऱ्याकडे गेले. पळसाच्या सावलीत ती उताणी पडली होती. कापसानं भरलेली ओटी सोडून तिनं कमरेखाली उशीसारखी घेतली होती आणि गुडघे वर केले होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, चक्कर आली.

“कंबर सोडून ऱ्हायली जराशी,” असं म्हणून ती उठली आणि तासाला लागली.

त्याच संध्याकाळी गोठ्यामागे बारदान झटकायला गेले, तर बारदानाखाली दोरीवर चिंध्या वाळत घातलेल्या. जुन्या लुगड्याच्या, हातभर लांब, चारपदरी घडी घालून दुमडलेल्या. धुवून धुवून मऊ पडलेल्या आणि मधोमध पिवळट झालेल्या. घरात दुसरी बाई होती ती मोठीआई, सत्तरीतली. मायची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. मी त्या चिंध्यांकडे किती वेळ पाहत उभी राहिले कोण जाणे. मग त्या होत्या तशा झाकून ठेवल्या.

रात्री अंधारात तिच्या शेजारी अंथरूण टाकलं आणि विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अंग बाहेर येते.”

“कवापासून?”

“तुह्या भावाच्या वक्तापासून.”

माझा भाऊ तेहतीस वर्षांचा आहे.

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गर्भपिशवीला धरून ठेवणारे स्नायू आणि बंध ढिले पडले, की पिशवी खाली सरकते. आधी शिंकताना, खोकताना, ओझं उचलताना जाणवते. पुढे बसताना-उठताना बाहेर येते आणि हातानं आत ढकलावी लागते. अडलेली, ताणलेली बाळंतपणं, अंग आवळायच्या आत उचललेलं ओझं, जुना खोकला, आणि पाळी गेल्यावर शरीरात होणारे बदल ही त्याची कारणं. भावाच्या वेळी माय दीड दिवस अडली होती आणि सव्वा महिना पुरा व्हायच्या आत विहिरीवरून पाण्यानं गुंड भरून आणू लागली होती, असं आजी कौतुकानं सांगायची. सून किती कामाची आहे, हे सांगण्यासाठी.

त्या रात्री मायनं जे सांगितलं ते सगळं मी इथे लिहिणार नाही. एक मात्र लिहिते. तिनं मला एकही अडलेलं काम सांगितलं नाही, कारण तसं काही नव्हतंच. निंदण झालं, वेचणी झाली, गोठा झाला, स्वयंपाक झाला. मोठेबाबांचा हात शेकायला रोज संध्याकाळी गरम पाण्याची बादली चुलीपासून ओट्यापर्यंत तीच उचलून न्यायची. बाहेर येणारं अंग एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं बादली. तेव्हा कागदावर जे लिहिलं गेलं ते शब्दशः खरं होतं. काम अडत नव्हतं.

अडलं होतं ते बाकीचं. एसटीत तासन्‌तास बसवत नाही आणि लघवी धरवत नाही, म्हणून ती तिच्या माहेरी जायची बंद झाली. तिच्या भावाच्या मुलीच्या लग्नालाही गेली नाही. ‘बकऱ्या कोन पाहीन?’ म्हणाली होती, आणि मामा त्यावरून कितीतरी दिवस आमच्याशी धड बोलले नव्हते. देवळातल्या रोडग्यांना ती पंगतीत बसायची नाही, वाढायला उभी राहायची. आम्ही म्हणायचो, मायला वाढायची हौस. भजनात मांडी घालून बसावं लागतं, ते सुटलं. आणि ती हसत नसे. लहानपणापासून मला वाटत आलं, की माझी माय अबोल, गंभीर स्वभावाची. कोणी काही गमतीचं बोललं की ओठ दाबून उठून आत जायची. हसलं की लघवी सुटते, म्हणून जायची. ज्याला मी इतकी वर्षं तिचा स्वभाव समजत आले, त्यातलं कितीतरी तिचं दुखणं होतं.

हे कळल्यापासून मला असं वाटतं, की आमच्याकडे बाईचा आजार सगळ्यात शेवटी कामाला हात लावतो. त्याच्या आधी तो गावाला जाणं खातो, पंगत खातो, भजन खातो, हसणं खातो. आणि आम्ही कामावरून तब्येत मोजतो. चुलीपाशी उभी आहे ना, मग बरी आहे.

त्या प्रश्नावलीविषयी मी नंतर वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांतून ती तयार करून घेतली. दिल्ली आणि चेन्नई ही केंद्रंही त्यात होती. मूळ शंभर प्रश्नांची, मग २६ प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली. शरीर, मन, नाती आणि भोवतालची परिस्थिती असे तिचे चार भाग. माणसाला आपली अपेक्षा, आपल्या समाजाचे रीतीरिवाज, आपल्या चिंता यांच्या मानानं आपलं आयुष्य कसं वाटतं, हे ती विचारते, आणि तेही गेल्या दोन आठवड्यांपुरतं. मला तो कागद आवडला, हे मनापासून सांगते. रिपोर्टातले आकडे बाजूला ठेवून तो माणसालाच विचारतो, की बाबा, तुला कसं वाटतं? आमच्या मायला तिच्या आयुष्यात त्याआधी असं कोणी विचारलेलं नव्हतं. पण ज्या बाईची अपेक्षाच तीस वर्षांत घासून घासून बोटाएवढी उरली आहे, ती तिच्या मानानं ‘चांगलं’च म्हणणार.

अमर्त्य सेन यांनी एका जुन्या पाहणीचा दाखला आपल्या लिखाणात दिला आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळ सिंगूरला अखिल भारतीय आरोग्यशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य संस्थेनं लोकांना त्यांची तब्येत विचारली. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, की आम्ही आजारी आहोत किंवा आमची तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या फक्त २.५ टक्के. त्या काळातली बंगालमधली विधवा, दुष्काळातून वाचलेली, आणि तिची तब्येत बरी! हे आकडे वाचले तेव्हा मला त्या बायका डोळ्यांपुढे दिसल्या. ओट्यावर बसून लसूण सोलणाऱ्या.

आमच्या विदर्भातलंच काम घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त रोग. पण आपल्याला काही त्रास आहे असं सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि त्याआधी कधी स्त्रीरोगासाठी तपासून घेतलं होतं अशा शंभरात जेमतेम आठ होत्या. या अभ्यासाला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. गडचिरोली आमच्यापासून फार लांब नाही. मी बी.एड. झालेली, बचत गटाच्या बायकांपुढे आरोग्यावर भाषणं केलेली. आणि माझ्या घराच्या गोठ्यामागे बारदानाखाली ते वाळत होतं.

मोठेबाबांचं ‘लय चांगलं’ मात्र मला खोटं वाटत नाही. तेव्हा वाटलं होतं, आता वाटत नाही. त्यांचा हात रात्री ठणकतो. ठणकला, की ते मोठ्यानं ‘अगा माय वो’ म्हणतात आणि आळीतली चार घरं जागी होतात. सकाळी जो येतो तो विचारतो, “का दादा, रातच्यानं लय दुखलं का?” मोठीआई तेल चोळते. शाळेत जाणारी पोरं त्यांच्या बाजेवर दप्तरं टाकतात, पाढे म्हणून दाखवतात. कापसाचा भाव काय निघाला, हे गावात सगळ्यात आधी त्यांना कळतं, कारण एसटीतून उतरणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोरून जातो. त्यांचा अर्धा देह गेला, पण दुखणं भर चौकात ठेवायला त्यांना जागा मिळाली. मायच्या दुखण्याला गोठ्यामागची दोरी मिळाली, तीही बारदानाखाली.

बाबा आमटे यांना मणक्याच्या आजारामुळे कित्येक वर्षं बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान निघालं तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा गाडीत पलंगावर झोपून. माझे वडील आम्हाला लहानपणी वरोऱ्याला आनंदवन दाखवायला घेऊन गेले होते. बोटं झडलेला एक माणूस मागावर सतरंजी विणत होता. मी त्याच्या हातांकडे टक लावून पाहत होते, आणि तो मला सतरंजीची नक्षी दाखवत होता. जगण्याचा दर्जा शरीराच्या मापानं ठरत नाही, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त तेवढ्यावरून ‘मनानं ठरवलं की सगळं होतं’ असं जे कोणी म्हणतं, त्याच्याशी माझं भांडण आहे. त्या माणसाच्या हाती कोणीतरी माग दिला होता. गाव त्याला हाकलत होतं तेव्हा कोणीतरी त्याला जवळ घेतलं होतं.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला. आईवडील दोघंही वाहक, दोघंही धडधाकट. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला हा आजार व्हायची शक्यता चारात एक. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यागत दुखतात. थंडी, कमी पाणी, जास्त दमणूक यांनी ते उसळतं. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. डिसेंबरात तो भिंतीला टेकून उन्हात बसून राहायचा, आणि मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हटलं होतं. ते शब्द मला परत घेता आलेले नाहीत. आता तो गोळ्या घेतो, वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवतो. २०२३च्या जुलैमध्ये देशभराची सिकलसेल मोहीम सुरू झाली, २०४७पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. आमच्या शाळेतही तपासणी झाली. तरी कबड्डीच्या दिवशी मी त्याला विचारते, “कसं वाटते आज?” तर तो चटकन म्हणतो, “बरं हाय मॅडम.” दुखतंय म्हटलं तर संघातून काढतील, ही त्याला भीती. मग मी आता विचारते, “रात्री झोपला होता का?” यावर त्याला खोटं बोलता येत नाही.

मायला दवाखान्यात नेलं. पहिल्या ठिकाणी तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “इतकी वर्षं झोपला होतात का?” माय टेबलावरून उतरली, लुगडं नीट केलं आणि मला म्हणाली, “चाल.” महिनाभर पुन्हा तयार होईना. त्या एका वाक्यानं एक महिना गेला, आणि मी नसते तर उरलेलं आयुष्य गेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी एक वयस्क डॉक्टरीण होत्या. त्यांनी आधी विचारलं, “बाई, खाली बसून जेवता का तुम्ही?” माय त्यांच्याकडे पाहतच राहिली. घासून घासून जखम झाली होती, ती भरू दिली. रक्त कमी होतं, दोन महिने लोहाच्या गोळ्या झाल्या. काही बायकांना सिलिकॉनची रिंग बसवून भागतं, सुरुवातीला व्यायामानंही फरक पडतो. मायचं फार पुढे गेलेलं, म्हणून ऑपरेशन. होळीच्या आधी झालं.

दीड महिना ओझं उचलायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. मोठेबाबांची बादली भाऊ नेऊ लागला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, “किती जड हाये वो हे!” मोठेबाबांना कोणी काही सांगितलं नाही. ‘पोटाचं आपरेशन’ एवढंच.

मला वाटलं होतं, आता माय खूश होईल. ती झाली नाही. दोन-तीन महिने ती चिडलेली होती. भांडी आपटायची, कोणाशी बोलायची नाही. एका दुपारी अचानक म्हणाली, “एवढंसंच होतं मंजे. आठ दिवसाचं काम. माही तीस-बत्तीस वर्सं गेली वो.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरं वाटणं म्हणजे काय, हे कळल्यावर तिला पहिल्यांदा मागचं वाईट दिसलं. तोवर तिच्याकडे तुलनेला काही नव्हतंच.

यंदा पोळ्यानंतर ती एकटी एसटीनं तिच्या माहेरी गेली. साडेतीन तास, खिडकीजवळ. मामांनी फोन केला, की ताई पोचली, आणि मग बराच वेळ पलीकडून नुसता गलका ऐकू येत होता. त्यात कोणीतरी खळखळून हसत होतं. मी मामींना विचारलं, हे कोण? मामी म्हणाल्या, “कोन मंजे? तुही माय.” तो आवाज मला ओळखता आला नव्हता.

परत आल्यावर रात्री ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, “थे पोरगी पुना येईन का वो?”

“कोनती?”

“कागदवाली. मी तवा चांगलं मनलं होतं. थे खोडता येते का?”

मी म्हटलं, “माय, तो कागद तं कवाच जमा झाला असंन.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मंग तू लिव.”